दोन खुंट्यांमधला धुरा : काटोल तालुक्यातील हद्दवादात रोव्हर, टोटल स्टेशन आणि जुने टिपण

नागपूरहून पश्चिमेला साठेक किलोमीटरवर काटोल तालुका लागतो. संत्र्याचा मुलूख, खाली भारी काळी जमीन. तिथल्या दोन शेजाऱ्यांमध्ये एका धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला आणि तो कसा सुटला, त्याची ही मांडणी आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. ज्याने मोजणी मागवली त्याला अर्जदार म्हटले आहे आणि धुऱ्यापलीकडच्याला लगतधारक. अंतरे, तफावती आणि मोजणीचा क्रम मात्र तपशिलाने दिला आहे, कारण या प्रकरणातला सगळा बोध त्या आकड्यांमध्ये आहे.

पार्श्वभूमी

अर्जदाराचे वावर सातबाऱ्यावर ४.०५ हेक्टरचे, म्हणजे दहा एकर. आकार दक्षिणोत्तर लांबट. पश्चिमेचा धुरा सुमारे ३१८ मीटरचा आणि त्याच्या पलीकडे लगतधारकाची संत्र्याची बाग. झाडे पंधरा वर्षांची, सहा बाय सहा मीटरवर लावलेली. धुऱ्यालगतच्या ओळीत ५३ झाडे उभी आहेत आणि आंबिया बहाराची फळे धरलेली.

रानडुकरे आणि रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास वाढला म्हणून अर्जदाराने तारेचे कुंपण करायचे ठरवले. दर तीन मीटरला एक, असे या एका बाजूला १०७ सिमेंटचे खांब लागणार होते. खांब एकदा काँक्रीटमध्ये बसले की हलवणे महागात जाते, म्हणून आधी हद्द पक्की करून घेण्याचा त्याचा विचार योग्यच होता.

कागदपत्रांची स्थिती अशी होती. गावाचा नकाशा ब्रिटिश काळातल्या जमीन-महसूल बंदोबस्ताचा, १६ इंचाला १ मैल, म्हणजेच १:३९६० प्रमाणाचा. याशिवाय लगतधारकाकडे १९८६ च्या हद्द कायम मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीच्या नकाशाची खातेदाराला मिळणारी प्रत) आणि टिपण होते. ती मोजणी प्लेन टेबल आणि टेपने झाली होती. त्या वेळी दगड कुठे बसवले आणि त्यांच्यातली अंतरे किती, हे टिपणात लिहिलेले होते. अर्जदाराला हा कागद असल्याचे ठाऊकच नव्हते. त्याच्या वडिलांच्या काळची गोष्ट, आणि त्यांच्याकडची प्रत घर बदलताना गहाळ झालेली.

वाद कुठून सुरू झाला

अर्जदाराने एका खासगी मोजणीदाराला बोलावले. त्याच्याकडे चांगल्या प्रतीचा आरटीके रोव्हर होता. रोव्हर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशा अनेक उपग्रहमालांचे संकेत एकाच वेळी घेतो. जागा ठाऊक असलेल्या एका संदर्भ केंद्राकडून त्याला मोबाइल इंटरनेटवरून दुरुस्ती मिळते आणि उघड्या रानात दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बिंदू सापडतो. मोजणीदाराने गावनकाशाची स्कॅन केलेली प्रत संगणकावर उपग्रहचित्रावर बसवली, शेताच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश काढले आणि सकाळच्या तीन तासांत खुंट्या ठोकून चुन्याची रेघ मारली.

ती रेघ लगतधारकाच्या बागेतून गेली. उत्तर टोकाला धुऱ्यापासून २.३ मीटर आत, दक्षिण टोकाला ३.१ मीटर आत. सरासरी २.७ मीटर धरली तर ३१८ मीटर लांबीत सुमारे ८५९ चौरस मीटर, म्हणजे साडेआठ आर जागा आणि झाडांची अख्खी ओळ.

लगतधारक वयाने मोठे. ते रेघेवर उभे राहिले आणि म्हणाले, “मशीन खोटं नाही बोलत म्हन्ता, मंग आमच्या बाच्या टायमाचा गोटा खोटा बोलते का?” अर्जदाराने सांगितले, “काकाजी, मी माझ्या मनानं नाही आलो, मोजून घेतलं.” दोघेही आपापल्या जागी खरे होते. त्या संध्याकाळी खुंट्या उपटल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एकमेकांविरुद्ध तक्रारी गेल्या आणि कुंपणाचे काम थांबले.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. खासगी मोजणीदाराचा रोव्हर चुकला नव्हता. जो बिंदू संगणकाने त्याला दिला, तो त्याने जमिनीवर सेंटिमीटरच्या आत दाखवला. प्रश्न होता तो बिंदू मुळात आला कुठून, हा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रोव्हरच्या खुंट्या मान्य करण्याचा. त्याला आधार फक्त यंत्राच्या अचूकतेचा होता. पण १:३९६० च्या नकाशावर अर्ध्या मिलीमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद असते. त्या रेघेच्या कोणत्या काठावर हद्द धरायची, हे दोन सेंटिमीटर अचूकतेचे यंत्र सांगू शकत नाही.

दुसरा पर्याय आहे तो धुरा आणि वहिवाट जशीच्या तशी धरण्याचा. लगतधारकाला हेच हवे होते. पण काळ्या जमिनीतला धुरा कायम एका जागी राहत नाही. दोन्हीकडून नांगर, आता रोटाव्हेटर, दरवर्षी बोट-दोन बोटे खातो. धुरा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, हद्द ठरवायला तेवढाच पुरेसा नाही.

तिसरा, दिवाणी न्यायालय. तिथेही शेवटी न्यायालय मोजणीचाच अहवाल मागवणार, आणि तोवर कुंपण, झाडे आणि शेजार तिन्ही अडकून पडणार. हा मार्ग मागे ठेवला.

चौथा पर्याय भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करण्याचा. महसुली हद्द ठरवायला खासगी नकाशा चालत नव्हता, सरकारी मोजणीच लागत होती. तिचा निकाल एखाद्या पक्षाला पटला नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना (तपासणीची फेर) मोजणी आणि त्यानंतर सुपर निमताना मोजणी मागता येत होती. मार्ग हाच योग्य होता. फक्त एक धोका होता: भूकरमापक एका दिवसासाठी येतो, आणि जुन्या खुणा शोधलेल्या नसतील तर त्यालाही गावनकाशावरच अवलंबून राहावे लागते.

म्हणून ठरले ते असे. अर्ज करायचा, आणि मोजणीची तारीख येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या संमतीने खुणा शोधून दोन्ही पद्धतींनी मोजून ठेवायच्या. लगतधारकाच्या ओळखीचा एक टोटल स्टेशनवाला (टोटल स्टेशन म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) आणि अर्जदाराचा रोव्हरवाला यांनी एकाच वेळी, एकाच खुणांवर काम करायचे. एका बाजूचा माणूस मोजत असताना दुसऱ्या बाजूचा माणूस शेजारी उभा राहील, ही अट दोघांनी मान्य केली. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच म्हणावा लागेल. आकडे नंतर जुळवता येतात. पण खूण कोणती, यावर जागेवरच एकमत झाले नाही, तर पुढे कितीही चांगले यंत्र आणले तरी वाद संपत नाही.

खुणांचा शोध

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस फक्त दगड शोधण्यात गेले. टिपण आणि गावनकाशा मिळून आठ खुणांचा उल्लेख होता. त्यांपैकी पाच सापडल्या: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, धुऱ्याच्या उत्तर टोकाचा दगड, दक्षिण टोकाला पांधणीवरचा दगड, अर्जदाराच्या आग्नेय कोपऱ्याचा दगड आणि लगतधारकाच्या शेतातली जुनी दगडी विहीर. उरलेल्या तिघांपैकी एक रस्ता रुंद करताना गेला, एक नाला खोलीकरणात जेसीबीने उचलला, आणि तिसऱ्याचा पत्ता लागला नाही.

पांधणीवरचा दगड २० अंशांनी पूर्वेकडे, म्हणजे अर्जदाराच्या बाजूला कललेला होता. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. या ओढाताणीत दगड कलतो आणि वर्षागणिक थोडा अधिक कलतो. तिथे खणून बुड उघडे केले. दगड ७५ सेंटिमीटर लांब होता, त्यामुळे त्याचे डोके बुडापासून २६ सेंटिमीटर पूर्वेला गेलेले. गावात सगळे डोक्यावरूनच रेघ धरत होते. बुडाखालची माती घट्ट आणि न हललेली होती, म्हणून खूण बुडाची धरायची, असे दोघांसमोर ठरले आणि त्याचा पंचनामा फोटोसह लिहून ठेवला.

विहिरीचा उपयोग मर्यादित होता. तिचा व्यास साडेचार मीटर, मध्यभागी रोव्हर उभा करता येत नाही. काठावर चार बिंदू घेऊन मध्य काढला. पण गावनकाशावर विहीर म्हणजे नुसता एक ठिपका, तो मीटरभर इकडे-तिकडे असणारच. ती नकाशा तपासायला वापरली, हद्द ठरवायला नाही.

दोन पद्धतींनी एकच मोजणी

उपग्रह मोजणी आधी झाली. शेताच्या दोन उघड्या कोपऱ्यांत दोन नियंत्रण बिंदू पक्के केले: जमिनीत ६० सेंटिमीटर खोल काँक्रीट आणि त्यात लोखंडी सळई. प्रत्येकावर तासाभराहून अधिक वेळ स्थिर निरीक्षण करून ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांशी जोडले. मग एका बिंदूवर बेस मांडून रोव्हरने बाकीच्या खुणा घेतल्या.

तीन काटेकोर नियम पाळले. प्रत्येक खुणेवर तीन मिनिटांचे निरीक्षण, आणि तेच काम किमान दोन तासांनी यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा. काम सकाळी साडेसहा ते साडेदहा एवढ्याच वेळात, कारण मध्य भारतात दुपारी आणि सूर्यास्तानंतर काही तास आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, संकेतांना जास्त त्रास देते. आणि पोल हाताने धरायचा नाही, दुपायावर बांधायचा. दोन मीटरचा पोल एका अंशाने कलला तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते, हातात धरलेला पोल वाऱ्यात सहज एवढा हलतो.

उघड्यावरच्या चारही दगडांवर दोन वेळच्या निरीक्षणांतली तफावत दोन सेंटिमीटरच्या आत राहिली. बागेत चित्र वेगळे दिसले. धुऱ्यालगत झाडांच्या सावलीत सहा बिंदू घेतले. तीन बिंदूंवर दोन वेळांत चार सेंटिमीटरांपर्यंत फरक आला, उरलेल्या तिघांवर १८, २७ आणि ४१ सेंटिमीटर. सहाही ठिकाणी रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे बिंदू पक्का, असे लिहून आले होते, हे महत्त्वाचे. पाच मीटर उंच, दाट पानांच्या झाडाखाली काही उपग्रह झाकले जातात, काहींचे संकेत फांद्यांवरून आणि पंपघराच्या पत्र्यावरून उलटून येतात, आणि यंत्र उपग्रहापर्यंतच्या पूर्ण लहरींची चुकीची संख्या खरी मानून बसते. एकदाच मोजून निघून गेलेल्याला हे कधीच कळत नाही. दुसऱ्यांदा, नव्याने सुरू करून मोजले तरच कळते.

तिथे टोटल स्टेशन कामी आले. दोन सेकंदांच्या कोन-अचूकतेचे यंत्र ३०० मीटरवर तीन मिलीमीटरांच्या आसपास चूक करते, आणि त्याला आकाश लागत नाही, फक्त प्रिझम दिसला पाहिजे. दोन नियंत्रण बिंदूंपासून सुरू करून शेताभोवती आणि पांधणीवरच्या दगडापर्यंत सात ठाण्यांची (यंत्र मांडण्याच्या जागांची) फेरी केली. एकूण १,२४० मीटरच्या फेरीत शेवटी बंद होताना ३.१ सेंटिमीटरचा फरक राहिला, म्हणजे ४०,००० मध्ये १. एवढे चांगले बंद झाल्यावर बागेतले सहाही बिंदू टोटल स्टेशनचेच धरले, रोव्हरचे सोडून दिले. त्यासाठी दोन माणसे दीड दिवस राबली, तीन ठिकाणी फांद्या बांधून दृष्टिरेषा मोकळी करावी लागली. रोव्हरचे उघड्यावरचे तेवढेच काम एका माणसाने एका सकाळी केले होते.

त्यानंतर १९८६ चे टिपण ताडून पाहिले. धुऱ्याची लांबी टिपणात ३१८.४० मीटर, नव्या मोजणीत, दगडांच्या बुडांमध्ये, ३१८.२१ मीटर. फरक १९ सेंटिमीटर. टेपच्या मोजणीत दोन उलट्या ओढी असतात. टेपला झोळ पडणे, नांगरटीतून वर-खाली जाणे, सरळ रेघ सुटणे, या सगळ्यांनी अंतर वाढलेले दिसते. ऊन मात्र ते कमी दाखवते. २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेली ३० मीटरची पोलादी टेप ४५ अंशांना जवळपास नऊ मिलीमीटर लांबते, ३१८ मीटरला नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात पडलेली टेप यापेक्षाही तापते. दोन्ही बाजू जमेस धरल्या तर १९ सेंटिमीटर म्हणजे त्या काळच्या टेपकामासाठी चांगले, सुमारे १,७०० मध्ये १. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या भूकरमापकाने काम मन लावून केले होते, हे यावरून स्पष्ट झाले आणि टिपणावर विश्वास ठेवायला आधार मिळाला.

पारंपरिक पद्धत म्हणजे ढोबळ पद्धत, असा समज आता रूढ होत चालला आहे. याच मुलखाच्या दक्षिणेला, हिंगणघाटला, १८२३ साली विल्यम लॅम्ब्टन वारला. साखळी आणि थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण) घेऊन मद्रासपासून त्रिकोणांची माळ इथवर आणणारा हा माणूस नागपूरकडे निघाला होता. त्या कामाची ताकद यंत्रापेक्षा शिस्तीत होती: प्रत्येक अंतराची दुसऱ्या मार्गाने पडताळणी. इथे रोव्हरवाल्याची शिस्त चुकली होती, टेपवाल्याची नाही.

खुंट्या २.७ मीटर का सरकल्या

संगणकावरचा सगळा क्रम पुन्हा उघडून पाहिला. रोव्हरवाल्याने काहीही न लपवता फाइल दिली, याची नोंद करायला हवी.

गावनकाशाची प्रत मुळातली नव्हती, छापाच्या छापाची होती. अशा प्रतीची पहिली तपासणी अगदी सोपी आहे. १:३९६० प्रमाणावर २० साखळ्या, म्हणजे १,३२० फूट, कागदावर बरोबर ४ इंच, १०.१६ सेंटिमीटर भरायला हव्यात. या प्रतीवर चौकटीच्या खुणा मोजल्या तर दक्षिणोत्तर १०.१४ सेंटिमीटर भरल्या आणि पूर्वपश्चिम १०.०८. कागद दोन दिशांना सारखा आकसला नव्हता.

नकाशा बसवताना चार जागा घेतल्या होत्या. तीन पश्चिमेच्या गावरस्त्यावरच्या आणि चौथी पूर्वेच्या तळ्याच्या पाळीची. चौथी जागा तीन मीटरने जुळत नव्हती, म्हणून ती ‘चुकीची’ समजून वगळली गेली. खरे तर धोक्याची सूचना तीच देत होती. उरलेल्या तीन जागा एका दक्षिणोत्तर रेघेत होत्या, त्यामुळे प्रमाण दक्षिणोत्तर आकसण्यावरून ठरले आणि पूर्वपश्चिम दिशेला ०.६ टक्क्यांची तूट तशीच राहिली. वादातला धुरा रस्त्यापासून ४५० मीटर पूर्वेला. ४५० चे ०.६ टक्के म्हणजे २.७ मीटर. हद्द तेवढी पश्चिमेला, लगतधारकाच्या बागेत सरकली. दोन टोकांमधला ०.८ मीटरचा तिरकसपणा एकाच रेघेतल्या तीन जागांमुळे आलेल्या वळणाचा. त्यातही रस्ता मागे रुंद झालेला आणि उपग्रहचित्राची स्वतःची जागा काही मीटर इकडे-तिकडे, ही भर वेगळीच.

सापडलेल्या पाच खुणांवर, दोन्ही दिशांना वेगळे प्रमाण देऊन, तोच नकाशा पुन्हा बसवला. खुणांवर ०.४ ते १.३ मीटर तफावत उरली. शंभर वर्षांहून जुन्या गावनकाशाकडून याहून जास्त मागू नये. या नकाशावर आता रेघ धुऱ्याच्या आसपास येत होती, पण तो मीटरभराच्या आतली हद्द सांगू शकत नाही, हेही स्पष्ट होते. ती १९८६ च्या दगडांवरूनच ठरवायची होती.

निष्पत्ती

उत्तर दगडापासून दक्षिण दगडाच्या बुडापर्यंत सरळ रेघ धरली. उत्तरेकडच्या २२८ मीटरमध्ये धुऱ्याचा मध्य या रेघेपासून पाच-सात सेंटिमीटरच्या आत निघाला. शेवटच्या ९० मीटरमध्ये तो हळूहळू अर्जदाराच्या बाजूला सरकत गेला होता आणि पांधणीजवळ ३८ सेंटिमीटर आत होता: २६ सेंटिमीटर कललेल्या दगडाचे, उरलेले १२ नांगराचे. एकूण सुमारे १७ चौरस मीटरचा त्रिकोण. म्हणजे लगतधारकाचे थोडे अतिक्रमण होते, पण साडेआठ आर नव्हते आणि एकही झाड त्यात येत नव्हते.

सरकारी मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला पाचही खुणा, टिपण आणि दोन्ही मोजण्यांचे आकडे दाखवले. त्याने स्वतःच्या रोव्हरने दगड घेतले, बागेतली रेघ टोटल स्टेशनच्या बिंदूंवरून तपासली आणि हद्दीच्या खुणा दिल्या. त्या संयुक्त रेघेपासून सहा सेंटिमीटरच्या आत पडल्या. दोघांनी जबाबावर सह्या केल्या, ठाण्यातल्या तक्रारी मागे घेतल्या. कललेला दगड बुड न हलवता सरळ करून भोवती काँक्रीट भरले.

क्षेत्रावरून थोडी कुरबुर झालीच. संगणकावर यूटीएम जाळीत (गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्याने सपाट मांडणाऱ्या नकाशाच्या जाळीत) क्षेत्र ४.०६१ हेक्टर आले, सातबाऱ्यावर ४.०५. काटोल यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात, त्याच्या मध्यरेखेपासून सुमारे २५० किलोमीटर पश्चिमेला आहे. इथे जाळीतले अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे तीसेक सेंटिमीटर जास्त येते. ती दुरुस्ती केल्यावर पाव आर कमी होऊन ४.०५८ हेक्टर राहिले. उरलेला ०.८ आर हा जुन्या क्षेत्रगणनेतला फरक. हद्द खुणांवरून ठरते, क्षेत्र हद्दीवरून निघते, क्षेत्र जुळवायला हद्द सरकवत नाहीत. हे अर्जदाराला समजावायला जवळपास एक तास लागला आणि तो तास सार्थकी लागला.

वेगळे काय करता आले असते

सुरुवातीलाच अर्जदाराने मोजणीदाराला तीन प्रश्न विचारायला हवे होते. नकाशाची प्रत कुठली आणि ती दोन्ही दिशांना मोजून पाहिली का? तो जमिनीवरच्या कोणत्या खुणांवर बसवला? बसवल्यावर प्रत्येक खुणेवर किती तफावत उरली? रोव्हर किती सेंटिमीटरचा, हा चौथा प्रश्न, आणि या प्रकरणात तोच एकटा विचारला गेला.

शेजाऱ्याला आधी न सांगता चुना मारणे ही दुसरी चूक. सरकारी मोजणीत लगतधारकांना नोटीस देतात ती नुसती औपचारिकता म्हणून नाही. नोटीस मिळाली असती तर लगतधारकाने १९८६ चे टिपण त्याच दिवशी दाखवले असते आणि निम्मा वाद तिथेच मिटला असता.

बागेतल्या बिंदूंसाठी रोव्हर वापरून पाहण्यात एक सकाळ वाया गेली, असे टोटल स्टेशनवाल्याचे म्हणणे होते. ते पूर्ण पटत नाही. खोटा ‘फिक्स’ सर्वांच्या डोळ्यांसमोर ४१ सेंटिमीटरने पकडला गेला, त्यामुळेच अर्जदाराचा ‘मशीन म्हणते’ हा आग्रह सैल झाला.

उंचीच्या बाबतीत मात्र एक चूक थोडक्यात टळली. अर्जदाराला त्याच रोव्हरच्या आकड्यांवरून ठिबकच्या मुख्य नळीचा उतार काढायचा होता. रोव्हरची उभी अचूकता आडव्याच्या निम्मीच असते. शिवाय तो देतो ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळाकार पृष्ठापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नाही. नागपूरच्या झिरो माइलजवळ १९०७ सालच्या सर्वेक्षण खुणेवर १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर उंची कोरलेली आहे. रोव्हर तिथे ठेवला तर आकडा त्याहून कित्येक दहा मीटर कमी येईल, आणि तो चुकीचाही नसेल. एका लहानशा शेताच्या उतारासाठी साधी ऑटो लेव्हल आणि पट्टीच वापरली.

शेवटची गोष्ट नोंदीची. आता पाचही खुणांचे अक्षांश-रेखांश दोघांकडे आहेत, पण पहिल्या मसुद्यात नुसतेच आकडे लिहिले होते. भारतीय भूपट्ट जागतिक संदर्भचौकटीत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांनी कोणी हेच आकडे घेऊन नव्या यंत्राने शोधायला आला, तर तो दगडापासून मीटरभर दूर उभा राहील आणि धुऱ्यावर पुन्हा चुना पडेल. म्हणून कागद नव्याने लिहिला. त्यावर संदर्भचौकट आणि तिची कालनिश्चिती, यूटीएम पट्टा, निरीक्षणाची तारीख आणि वेळ, कोणत्या केंद्राशी जोडले ते, आणि प्रत्येक दगडाची जवळच्या तीन कायम वस्तूंपासूनची टेपने मोजलेली अंतरे लिहिली. पांधणीवरच्या दगडासाठी त्या तीन वस्तू आहेत विहिरीचा काठ, पंपघराचा कोपरा आणि वडाचे खोड. उपग्रह नसले, मोबाइलला रेंज नसली, तरी टेप घेऊन कोणालाही तो दगड सापडेल. कागदाच्या दोन प्रती केल्या, एक लगतधारकाच्या ‘क’ प्रतीसोबत, दुसरी अर्जदाराच्या सातबाऱ्यासोबत ठेवलेली आहे.